रिकाम्या यादीचा अर्थ

विंडोज नव्याने टाकायला घेतले की भाषा, कळफलक आणि परवाना या पायऱ्या ओलांडल्यावर एक खिडकी उघडते आणि विंडोज कुठे टाकायचे ते विचारते. या खिडकीत डिस्क आणि तिच्या भागांची यादी असायला हवी. गेल्या काही वर्षांतल्या अनेक लॅपटॉपांवर ती कोरी निघते. खाली एक ओळ असते, तिचा आशय असा की एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेजचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर ‘लोड ड्रायव्हर’वर क्लिक करा. ‘नेक्स्ट’चे बटण फिके पडलेले असते. ज्या एसएसडीवर अर्ध्या तासापूर्वी जुने विंडोज चालत होते ती यंत्रातच आहे, बायोसच्या पानावर तिचे नाव आणि क्षमता दिसते आहे, आणि तरीही इन्स्टॉलरच्या लेखी ती अस्तित्वात नाही.

या क्षणापर्यंत काहीही बिघडलेले नसते, ही गोष्ट आधी नोंदवायला हवी. डिस्कवर एक बाइटही लिहिला गेलेला नाही, पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले तर जुनी व्यवस्था जशीच्या तशी उभी राहते. धोका सुरू होतो तो पुढच्या पंधरा मिनिटांत, कारण संदेश काहीतरी कमी आहे एवढेच सांगतो. ते कोणत्या उपकरणासाठीचे, ते का कमी पडले आणि तसा निष्कर्ष कशावरून काढला, हे सांगत नाही. त्या अपुऱ्या माहितीवर, घाईत, बहुधा दुसऱ्याच्या फोनवरच्या सल्ल्याने केलेल्या कृती मात्र अनेकदा परत फिरवता येत नाहीत. अडचण किरकोळ आणि तिच्यावरचा चुकीचा उपाय गंभीर, अशी ही विषम जोडी आहे, आणि ती दिवसेंदिवस अधिक विषम होत चालली आहे असे मला वाटते. त्याची कारणे समजून घ्यायची तर यंत्र सुरू होताना सूत्रे कोणाकडून कोणाकडे जातात तिथपासून सुरुवात करावी लागेल.

संगणकात आधी जागे होते ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर. बहुतेक यंत्रांत आता यूईएफआय असले तरी आपण सवयीने त्याला बायोसच म्हणतो. पेनड्राइव्ह वाचणे, एसएसडी वाचणे, दाबलेली कळ ओळखणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, एवढ्यापुरते स्वतःचे छोटे ड्रायव्हर फर्मवेअरपाशी असतात. पेनड्राइव्हवरची ‘बूट डॉट विम’ ही फाइल, म्हणजे इन्स्टॉलरला चालवणारे आटोपशीर विंडोज, मेमरीत येते ती फर्मवेअरच्याच मदतीने. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, सुरू झाला की फर्मवेअरच्या त्या सेवा संपतात. तिथून पुढे प्रत्येक उपकरण कर्नलला आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरने नव्याने ओळखावे लागते, आणि ज्या पेनड्राइव्हवरून तो कर्नल आला तो पेनड्राइव्हही त्याला अपवाद नसतो. म्हणूनच ‘पेनड्राइव्हवरून तर सुरू झाले, मग पेनड्राइव्ह दिसत नाही कसा?’ हा वरवर बिनतोड वाटणारा प्रश्न मुळात चुकीच्या गृहीतकावर उभा असतो: वाचणारे दोन वेगळे आहेत, आणि पहिल्याला येत असलेली गोष्ट दुसऱ्याला येईलच असे नाही.

या दोघांतली दरी किती रुंद होऊ शकते याचे स्वच्छ उदाहरण विंडोज ७ ने दिले. ऑक्टोबर २००९ मध्ये ते बाजारात आले तेव्हा यूएसबी ३.० चे मानक जाहीर होऊन वर्षही झाले नव्हते, त्यामुळे त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नव्हता. तो अंगभूत मिळाला २०१२ च्या विंडोज ८ पासून. मधली वर्षे निभावली, कारण मदरबोर्डांवर जुना यूएसबी २.० चा कंट्रोलरही असे. २०१५ मध्ये इंटेलने स्कायलेक प्रोसेसरांबरोबर जे चिपसेट आणले त्यांतून तो जुना कंट्रोलर गेला. परिणाम असा की विंडोज ७ चा इन्स्टॉलर सुरू होई, पहिली खिडकी दिसे, आणि बायोसमध्ये व्यवस्थित चालणारे यूएसबी कळफलक आणि माऊस तिथे निर्जीव होत. जुन्या गोल पिनेचा कळफलक जोडून कोणी पुढे सरकलेच, तर संदेश येई की सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. त्या यंत्रात पुष्कळदा सीडी ड्राइव्हच नसे. इन्स्टॉलेशनचा स्रोत म्हणजे चकती, असे ते वाक्य लिहिताना गृहीत धरले गेले होते. चकती गेली तरी वाक्य राहिले. विंडोज ८ पासून त्याची जागा घेणारे ‘मीडिया ड्रायव्हर’चे वाक्य अधिक व्यापक आहे, पण अधिक नेमके नाही.

आजच्या कोऱ्या यादीमागचे कारण निराळे आहे, आणि अधिक शिकवणारे. मुळात सर्व्हरसाठी केलेली व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस, म्हणजे व्हीएमडी नावाची सोय २०२० च्या सुमारास इंटेलच्या अकराव्या पिढीपासून सामान्य लॅपटॉपांत आली. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी प्रोसेसरच्या नेहमीच्या उपकरण-यादीत थेट दिसत नाहीत. त्यांच्यापुढे व्हीएमडीचा कंट्रोलर उभा असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला फक्त तोच दिसतो. त्याच्याशी बोलणारा इंटेलचा ड्रायव्हर असेल, तरच त्यामागच्या डिस्क उघड होतात. विंडोजमध्ये एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर कित्येक वर्षांपासून आहे, तो इन्स्टॉलरमध्येही असतो; पण ज्या उपकरणाला तो जोडायचा ते उपकरणच समोर येत नाही. कमी असलेला ड्रायव्हर डिस्कचा नाही, डिस्कच्या आधी उभ्या असलेल्या मध्यस्थाचा आहे. हा भेद लक्षात न आल्याने लोक एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तासन्‌तास ड्रायव्हर शोधतात, किंवा एसएसडी मेली असे समजून नवी विकत आणतात, आणि नवी बसवल्यावरही यादी कोरीच राहते.

विकत घेताना हा प्रश्न दिसत नाही, कारण कारखान्यात टाकलेल्या विंडोजमध्ये तो ड्रायव्हर आधीच मिसळलेला असतो. म्हणजे यंत्र चालण्यासाठी लागणारी माहिती यंत्राबरोबर येते, पण ती येते एकाच प्रतीत, आणि ती प्रत असते नेमकी त्या डिस्कवर, जी पुसून आपण नवी सुरुवात करणार असतो.

असा ड्रायव्हर बाहेरून देण्याची पद्धत जुनी आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत इन्स्टॉलेशनच्या आरंभी एफ६ दाबण्याची सूचना काही क्षण दिसे, आणि साटा डिस्क ओळखेनाशी झाली की ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागे. व्हिस्टापासून पेनड्राइव्ह चालू लागला, तरी इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरच्या झिप फाइलच्या नावात एफ६ आणि फ्लॉपीचा संक्षेप पुढे कित्येक वर्षे टिकला. आज अडचण वेगळ्या ठिकाणी येते. उत्पादकाच्या पानावरून उतरवलेली फाइल बहुतेकदा सेटअप प्रोग्रॅम असते, आणि तो चालवायला विंडोज आधी असावे लागते. इन्स्टॉलरला हवा असतो तो त्या प्रोग्रॅमच्या आत बांधलेला मूळ संच: सूचनांची आयएनएफ फाइल, प्रत्यक्ष ड्रायव्हरची सिस फाइल आणि स्वाक्षरीची कॅट फाइल. दुसऱ्या संगणकावर तो प्रोग्रॅम उलगडून हे तुकडे पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय ‘लोड ड्रायव्हर’ला उचलण्यासारखे काही सापडत नाही.

आयएनएफ ही साधी मजकुराची फाइल आहे आणि नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात हा ड्रायव्हर कोणत्या उपकरणांसाठी आहे त्यांचे क्रमांक लिहिलेले असतात. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरच्या नावावरून घेतलेला. त्यापुढे अकराव्या पिढीच्या लॅपटॉपमधल्या व्हीएमडीसाठी ९ए०बी. यंत्रातल्या कंट्रोलरने सांगितलेला क्रमांक फाइलमध्ये असेल तर जोडणी होते, नसेल तर होत नाही. नावात साम्य असणे, कंपनी तीच असणे, आवृत्ती नवी असणे, यांतल्या कशाचाही इथे उपयोग नाही. म्हणून ‘लोड ड्रायव्हर’च्या खिडकीतली विसंगत ड्रायव्हर लपवण्याची खूण काढू नये. ती लावलेली असताना यादी रिकामी येत असेल, तर दिलेला संच या यंत्राचा नाही, असा तो स्पष्ट पुरावा आहे. खूण काढून टाकली की यादीत नावे दिसू लागतात, पण त्यांतले कोणतेही निवडून काही साधत नाही. फक्त हाती आलेला पुरावा नाहीसा होतो.

आता निदान. ‘ड्रायव्हर नाही’ असे म्हणणारे किमान तीन प्रसंग एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. पहिला, डिस्कची यादी येण्याआधीच ‘मीडिया ड्रायव्हर’ मागणारा संदेश. इथे इन्स्टॉलरला स्वतःचाच स्रोत सापडत नसतो, आणि याचे कारण पुष्कळदा ड्रायव्हर नसतोच. शिफ्ट आणि एफ१० दाबले की काळी कमांडची खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट सुरू करून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिले की पेनड्राइव्ह दिसतो की नाही ते कळते. दिसत असेल तर त्याला वाचणारा ड्रायव्हर हजर आहे आणि दोष मजकुरात आहे: अर्धवट उतरलेली आयएसओ फाइल, लिहिताना झालेली चूक, किंवा फॅट३२ ची मर्यादा. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, आणि ‘इन्स्टॉल डॉट विम’ आता सर्रास त्याहून मोठी असते. हाताने फाइली कॉपी करून बनवलेला पेनड्राइव्ह लहान ‘बूट डॉट विम’च्या बळावर सुरू होतो आणि पुढे मुख्य फाइल न सापडल्याने ड्रायव्हर मागत बसतो. आयएसओचा एसएचए-२५६ ठसा मूळ ठिकाणी दिलेल्या ठशाशी जुळवून पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि त्याने अर्धे तर्कवितर्क संपतात. पेनड्राइव्ह दिसतच नसेल, तर दुसरा पोर्ट आणि दुसरा पेनड्राइव्ह, या क्रमाने जावे.

दुसरा प्रसंग कोऱ्या यादीचा. इथे पहिला प्रश्न बायोसला विचारायचा: एसएसडी तिथे दिसते का? दिसत नसेल तर जोडणी किंवा एसएसडी यांचा दोष, कोणताही ड्रायव्हर तो दूर करणार नाही. दिसत असेल तर व्हीएमडी किंवा रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्याची, व्यवस्था जवळपास निश्चित. तिसरा प्रसंग शेवटी येतो, नेटवर्क मागणाऱ्या पानावर. विंडोज ११ ची पहिली मांडणी इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि नव्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर अंगभूत नसेल तर तो मिळवायलाही इंटरनेटच लागते. या वर्तुळातून बाहेर पडायला अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणे बहुतेक वेळा पुरते, कारण त्या जोडणीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो.

तिन्ही प्रसंगांत शब्द जवळपास तेच असले तरी दोष यंत्राच्या वेगवेगळ्या थरांत आहे, आणि एका थराचा उपाय दुसऱ्या थरावर केला की निव्वळ वेळ जातो असे नाही. त्यातून काय होऊ शकते ते मी नात्यातल्या एका मुलीच्या लॅपटॉपवर जवळून पाहिले. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, त्यासाठीची छायाचित्रे आणि घरातले जुने फोटो तिने शहाणपणाने एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले होते, आणि तीच डिस्क, ड्रायव्हर त्यात ठेवलेले असल्यामुळे, इन्स्टॉलेशनच्या वेळी जोडलेली होती. यादीत एकच ओळ दिसत होती: ९३१ जीबी. फोनवरच्या माहितगाराने सांगितले होते की दिसतील ते सगळे भाग डिलीट कर आणि ‘नेक्स्ट’ दाब; हा सल्ला वर्षानुवर्षे बरोबर ठरलेला होता, कारण वर्षानुवर्षे त्या यादीत आतली डिस्क दिसतच असे. पण तिच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी होती, आणि विंडोजच्या मोजणीत ती ४७६ च्या आसपास दिसायला हवी. ९३१ म्हणजे १ टीबीची बाहेरची डिस्क, म्हणजे तिची एकमेव बॅकअप प्रत. विंडोजचा इन्स्टॉलर यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर विंडोज टाकायला अखेर नकार देतो हे खरे, पण त्याच खिडकीतले ‘डिलीट’ त्या नकाराची वाट पाहत नाही. आकड्याकडे लक्ष गेले म्हणून ते टळले. कोरी यादी निदान माणसाला थांबवते. चुकीच्या एका ओळीने भरलेली यादी त्याला पुढे ढकलते, आणि म्हणून ती अधिक घातक आहे.

कोऱ्या यादीवर ‘लोड ड्रायव्हर’ सोडून व्हीएमडी बायोसमधून बंद करणे हा दुसरा उपाय, आणि डिस्क पूर्ण कोरी करायची असेल तर तो पुष्कळदा सोपा आणि योग्य असतो. काही लॅपटॉपांत हा पर्याय नजरेआड ठेवलेला असतो आणि विशिष्ट कळा एकत्र दाबल्यावरच दिसतो. पण डिस्कवरचे जुने विंडोज ठेवायचे असेल, किंवा नुसते ‘बघू या’ म्हणून तो बदल केला असेल, तर ते विंडोज सुरू होताना ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत कोसळू शकते. ते व्हीएमडीमार्गे डिस्कपर्यंत जायला शिकलेले असते आणि थेट रस्त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी सुरू करायचा हे त्याच्या नोंदीत नसते. आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची नोंद करून मग बदल केला, तर बहुधा निभावते. क्रम उलटला की निभावत नाही. त्यावर बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कूटलेखनाचा, थर येतो. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने केलेल्या नव्या मांडणीत डिस्कचे कूटलेखन बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू होते. बायोसमधला बदल किंवा सिक्युअर बूट या फर्मवेअरमधल्या सुरक्षा-तपासणीशी केलेली छेडछाड ही बिटलॉकरच्या दृष्टीने यंत्राची ओळख बदलल्याची खूण असू शकते, आणि मग ते ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते; पण ते खाते दुकानदाराने विक्रीच्या दिवशी घाईत उघडून दिलेले असेल आणि त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसेल, तर डिस्क शाबूत, माहिती शाबूत, आणि तिच्यापर्यंतचा रस्ता कायमचा बंद, अशी अवस्था येते.

आणखी एक धोका लगेच दिसत नाही. ड्रायव्हर हा साधा प्रोग्रॅम नाही. तो कर्नलच्या आत चालतो आणि तिथे त्याला जवळपास अमर्याद अधिकार असतात. चौसष्ट बिटांच्या विंडोजने व्हिस्टापासून कर्नलमधल्या ड्रायव्हरवर स्वाक्षरी सक्तीची केली, आणि २०१६ मधल्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून, सिक्युअर बूट चालू असलेल्या नव्या यंत्रांवर, नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी लागू लागली. पण स्वाक्षरी सांगते ती फाइल कोणाची आहे आणि वाटेत बदललेली नाही एवढेच. ती निर्दोष आहे असे नाही. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरने रिअलटेक आणि जेमायक्रॉन यांची चोरलेली प्रमाणपत्रे वापरली होती. २०२० मध्ये रॉबिनहूड या खंडणीखोर सॉफ्टवेअरने एका मदरबोर्ड उत्पादकाचा वैध स्वाक्षरीचा, पण सदोष ड्रायव्हर स्वतःबरोबर आणून त्याच्या आडून सुरक्षा प्रणाली बंद पाडल्या. पुढे ही पद्धत इतकी रूढ झाली की विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून अशा ड्रायव्हरांची बंदी-यादी मूळ मांडणीतच चालू ठेवावी लागली. दुष्ट हेतू नसतानाही कर्नलमधली चूक काय करते ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकाच दिवशी आडवी पडली.

या पार्श्वभूमीवर अडलेला माणूस काय करतो ते पाहावे. तो यंत्राचे मॉडेल आणि ‘ड्रायव्हर डाउनलोड’ हे शब्द शोधतो, वर आलेल्या कुठल्याही ठिकाणाहून फाइल घेतो, आणि ती चालावी म्हणून सिक्युअर बूट किंवा स्वाक्षरीची तपासणी बंद करायला सांगितले तर तेही करतो. विश्वासाचा सर्वांत काटेकोर निर्णय ज्या ठिकाणी घ्यायला हवा, तिथे तो सर्वांत कमी माहितीवर आणि सर्वांत जास्त घाईत घेतला जातो. हे व्यक्तीच्या निष्काळजीपणातून होत नाही; योग्य फाइल योग्य ठिकाणी सहज मिळत नाही, यातून होते.

ती का मिळत नाही, हा या सगळ्यामागचा मूळ प्रश्न आहे. उपकरणाशी कसे बोलायचे हे ज्ञान कुठे साठवले जाते यावर यंत्राचे आयुष्य ठरते. लिनक्समध्ये बहुसंख्य ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संहितेचाच भाग असतात; व्हीएमडीचा ड्रायव्हरही तिथे आहे. म्हणून उत्पादकाने हात काढून घेतला तरी ड्रायव्हर उरतो, जोवर कोणी तो सांभाळतो आहे. हा मार्गही निर्वेध नाही: २०१२ साली लिनक्सने मूळ ३८६ प्रोसेसरचा पाठिंबा काढून टाकला, आणि वायफाय कार्डांना लागणारे बंदिस्त फर्मवेअर डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसल्याने वर्षानुवर्षे तिथेही ‘फर्मवेअर सापडत नाही’ असाच संदेश येई; २०२२ मध्ये मतदान घेऊन डेबियनने ते आत घेतले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून अडचण बरीच कमी झाली. विंडोजच्या जगात हे ज्ञान उत्पादकांच्या मदत-पानांवर विखुरलेले आहे, मॉडेलनुसार, कधी एकाच मॉडेलच्या आतल्या वेगवेगळ्या वायफाय कार्डांनुसार, आणि ती पाने कायमची नाहीत. २०१९ मध्ये इंटेलनेच आपल्या मुदत संपलेल्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोस पानांवरून काढून घेतले. लोखंड टिकते आणि त्याच्याशी बोलण्याची भाषा आधी संपते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. वाढीव सुरक्षेची मर्यादित मुदत सोडली, तर त्यावरच्या यंत्रांपुढे तीनच वाटा आहेत: विंडोज ११ च्या अटी पूर्ण होत असल्यास ते टाकणे, लिनक्ससारखे दुसरे काही टाकणे, किंवा असुरक्षित होत जाणाऱ्या व्यवस्थेवर तसेच राहणे. पहिल्या दोन वाटांवर जो कोणी डिस्क पुसून नव्याने सुरुवात करेल, त्याची गाठ या ना त्या रूपात याच संदेशाशी पडू शकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि तालुक्याच्या गावातल्या एकखणी दुकानात ‘विंडोज मारून देणे’ ही सेवा उभी राहिली ती एका गृहीतकावर, की एकच चकती किंवा पेनड्राइव्ह सगळ्या यंत्रांना चालतो. ते गृहीतक आता ढासळते आहे. प्रत्येक पिढीचा, प्रत्येक मॉडेलचा संच सांभाळायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक त्या वेळेचे पैसे देत नाही. अशा स्थितीत सोयीची वाट म्हणजे ‘सगळे ड्रायव्हर असलेली’ कोणीतरी बदललेली विंडोजची प्रत. ती झटपट चालते, यादी भरते, गिऱ्हाईक खूश होते. पण त्या प्रतीत ड्रायव्हरांबरोबर आणखी काय घातले आहे हे दुकानदारालाही माहीत नसते आणि ते शोधण्याचा सोपा मार्गही नसतो. शाळेच्या संगणक-कक्षातली सगळी यंत्रे, किंवा पतसंस्थेच्या टेबलावरचा हिशेबाचा संगणक अशा प्रतीवर चालू लागला, तर अडचण सुटली असे म्हणण्यापेक्षा ती न दिसणाऱ्या जागी हलवली असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

यावरचे उपाय साधे आहेत, पण ते वेळेवर अवलंबून आहेत, आणि ही वेळ यंत्र सुरळीत चालू असतानाची आहे. चालत्या विंडोजमध्ये पीएनपीयूटिल या अंगभूत साधनाने बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात निर्यात करता येतात. त्या फोल्डरात आयएनएफ, सिस आणि कॅट हे तिन्ही तुकडे मोकळे मिळतात, म्हणजे इन्स्टॉलरला हवे त्याच रूपात, आणि नेमके याच यंत्राचे. ते एका पेनड्राइव्हवर, मॉडेलचे नाव आणि तारीख घालून ठेवावेत. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून यंत्रापासून वेगळी ठेवावी. बायोसमधली स्टोरेजची मांडणी काय आहे त्याचा फोनने फोटो काढून ठेवावा. इन्स्टॉलेशनच्या वेळी बाहेरची डिस्क यंत्राला जोडलेली असू नये. जी संस्था एकावेळी वीस-पंचवीस यंत्रे घेते, तिने खरेदीच्या अटींतच प्रत्येक मॉडेलचा उलगडलेला ड्रायव्हर-संच आणि बायोसच्या मांडणीची नोंद मागावी. एका यंत्राच्या गिऱ्हाइकाला नसलेले हे वजन संस्थेपाशी असते.

यांतल्या कशानेही मूळ व्यवस्था बदलणार नाही. उपकरणे मध्यस्थांआड जात राहतील, पाने काढली जातील, संदेश त्याच मोघम शब्दांत येत राहतील. बदलेल ती एवढीच गोष्ट, की यादी कोरी निघाली तेव्हा समोरच्या माणसाकडे नेमका संच असेल, किल्ली असेल, आणि जी डिस्क चुकून पुसली जाऊ शकली असती ती यादीतच नसेल. तो संच नसेल, तर त्या खिडकीत योग्य कृती एकच उरते: पेनड्राइव्ह काढावा, यंत्र बंद करावे, आणि जुने विंडोज पुन्हा सुरू करून आधी ड्रायव्हर निर्यात करावेत. तोवर काहीही गेलेले नसते.